संकष्टीचे खगोलशास्त्र

अमेरिकेत आकाशाकडे सर्वांत नेमाने कोण पाहते, असे विचारले तर लोक नासाचे नाव घेतील. माझे मत संकष्टी करणाऱ्या मराठी माणसाला. चंद्र दिसला नाही म्हणून नासातल्या शास्त्रज्ञाचे जेवण अडत नाही. इथे मात्र दुपारची साबुदाण्याची खिचडी कधीच जिरलेली असते, वरण-भात तयार असतो, मोदक झाकून ठेवलेले असतात आणि चंद्र अजून शेजाऱ्याच्या गॅरेजमागे! आकाश बघायला दुर्बीण लागत नाही, कारण लागते. आणि भुकेइतके सबळ कारण कुठल्याही वेधशाळेला सापडलेले नाही.

यात गणितही आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी संपते. घड्याळे मात्र ज्याची त्याची. म्हणून पुण्याच्या सासूबाईंची संकष्टी बुधवारी आणि न्यू जर्सीच्या सूनबाईंची मंगळवारी येऊ शकते, आणि दोघीही बरोबर असतात. हा योग ग्रहणापेक्षा दुर्मिळ. शिवाय सूनबाईंची ती अंगारकी ठरते, हे पुण्याला न कळवलेले बरे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. मुंबईत या उशिरात फार चढउतार नसतो, त्यामुळे ताटे नऊ-दहाच्या सुमारास वाढली जातात. सिॲटल पडले ४७ उत्तर अक्षांशावर. तिथे उगवत्या चंद्राचा मार्ग शरदात क्षितिजालगत आडवा असतो, वसंतात उभा. त्यामुळे सप्टेंबरातल्या पौर्णिमेनंतर चंद्र रोज जेमतेम अर्धा तास मागे पडतो, मार्च-एप्रिलमध्ये सव्वा तासाच्या घरात. एका संकष्टीला नऊच्या आसपास जेवण, दुसरीला जवळजवळ मध्यरात्री. त्यातून मार्चमध्ये सरकारनेच घड्याळ तासभर पुढे ढकललेले. पृथ्वीचा कललेला आस पोटाला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे कळतो?

यावर कोणी म्हणेल, हल्ली चंद्रोदय ॲपवर कळतो, वर बघतो कोण? ॲप बघून थेट ताटावर बसणारे आहेत. त्यांच्या पुण्याचा हिशेब मी मांडत नाही. पण ॲपची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. उपनगरात पूर्वेला मेपलची झाडे आणि दुमजली घरे. तेव्हा ज्याला चंद्र खरोखर बघायचा आहे, त्याला चपला घालून रस्त्याच्या टोकापर्यंत जावेच लागते. दुसरा आक्षेप असा की शहराच्या झगमगाटात काय दिसणार? तो आकाशगंगेच्या बाबतीत खरा, चंद्र आणि ठळक ग्रहांच्या बाबतीत नाही. जॉन डॉब्सन वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. दुर्बिणी बनवण्याच्या नादापायी १९६७मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवू लागले. दिव्यांच्या उजेडात, भर रस्त्यावर.

ग्रहांसाठी वेगळा उपास करावा लागत नाही. चंद्र आणि ग्रह आकाशात जवळजवळ एकाच वाटेने चालतात. महिन्याभरात चंद्र प्रत्येकाच्या दारावरून जातो. त्याच्या शेजारी न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर तो बहुधा ग्रहच. गुरूचे चार मोठे चंद्र साध्या बायनॉक्युलरमधून दिसतात, शनीची कडी छोट्या दुर्बिणीतून. साडेसातीच्या धास्तीने शनीला वर्षानुवर्षे तेल वाहणाऱ्यांनी त्याला एकदा समोरासमोर पाहायला हरकत नाही. साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारणाऱ्याला कोणाच्या मागे लागायला सवड असेल, असे तेव्हा वाटणार नाही. तेव्हा या आठवड्यात एका रात्री बाहेर या. उपास नसलेल्यांनी जेवून यावे, पण यावे.