कोल्हापूरचा समुद्र

कोल्हापूरला समुद्र नाही, असं परगावची माणसं बिनदिक्कत म्हणतात. मी तिथल्या तिथं दुरुस्ती करतो. नाही नव्हे, होता. १८१२ साली गेला. तेव्हापासून आम्ही रंकाळ्यावर भागवतोय.

तळ्याच्या काठाला आम्ही ‘चौपाटी’ म्हणतो याचं पाहुण्यांना हसू येतं. भेळ आहे, फुगेवाले आहेत, संध्याकाळचा गार वारा आहे, पाण्याकडे तोंड करून रुसून बसलेली जोडपी आहेत. लाटा तेवढ्या नाहीत. पण घरातला थोरला गेला तरी त्याची खुर्ची कोण लगेच हलवतं का? तसा तो शब्द आम्ही हलवलेला नाही, इतकंच.

हा सिद्धांत मला सुचला तो ताईच्या लग्नामुळे. ताईला मालवणात दिली. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, धुरीवाड्यात जांभ्या दगडाचं घर, समोर पाच माड. जन्मभर कर्जखात्यात बसल्यामुळे कुणी काहीही सांगितलं तरी ‘तारण काय?’ अशा नजरेनं बघायची त्यांना सवय. अशा माणसासमोर मी माझा ऐतिहासिक दावा मांडला, तोही जुलै महिन्यात.

जुलैत मालवणला जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ताईनं सांगितलं होतं. पण कोल्हापूरच्या माणसाला पाऊस शिकवायचा नसतो. राधानगरी गेली, दाजीपूर गेलं, फोंडा घाटात धुक्यानं रस्ताही गेला, आणि आम्ही भिजल्या कोंबड्यांसारखे बंदरावर उतरलो. समोर खवळलेल्या पाण्यात सिंधुदुर्ग. इतका जवळ की हाक मारावी. होड्या मात्र सगळ्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. एक होडीवाला विडी ओढत बसला होता.

“किल्ल्यावर जायचं हाय.”

“बंद आसा. नारळी पुनव झाली काय बघूया.”

“डबल देतो की!”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे बोट केलं. “माका नको. तेका देवा.”

पैशानं, ओळखीनं किंवा आवाज चढवून न होणारी गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे तिसऱ्या उपायापर्यंत सहसा जावं लागत नाही.

मग दिवसभर पडवीत बसणं आलं, आणि पडवीत बसलेला कोल्हापूरकर इतिहासावर येतो. मी दाजींना म्हणालो, किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, पायात शिसं ओतलं, हे तर तुम्हालाही मान्य. आत शिवराजेश्वराचं मंदिर बांधलं राजाराम महाराजांनी. राजाराम महाराज कोण? ताराराणींचे यजमान. ताराराणी कोण? कोल्हापूरच्या गादीच्या मूळ पुरुष.

“पुरुष?” ताई आतून म्हणाली.

“मूळ पुरुष म्हणजे तसंच म्हणायचं असतं,” मी म्हणालो. पुढं सांगितलं की त्यानंतर शंभर वर्षं मालवण कोल्हापूरच्या छत्रपतींचं होतं. आमचं आरमार या बंदरातून सुटायचं आणि इंग्रजांची गलबतं अडवायचं. इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘मालवणचे चाचे’ म्हणून जो ठणाणा आहे, तो आमच्याच नावाचा. हे सांगताना माझी छाती फुगली होती. वास्तविक माझं पोहणं पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकलेलं आहे, आणि अजून डबा पूर्ण सुटलेला नाही.

इंग्रज शेवटी वैतागले. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेतला आणि त्याला नाव ठेवलं ‘फोर्ट ऑगस्टस’. साहेबाची अक्कल बघा. ऑगस्टात जिथं होडी पोचत नाही, त्या जागेला ऑगस्टस! पुढच्याच वर्षी भरपाईचे पैसे आणि चांगल्या वागणुकीची हमी घेऊन त्यांनी तो परत दिला. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या. पैसे मोजले, किल्ला सोडवला. चांगल्या वागणुकीचं मात्र आम्हाला फारसं जमलं नाही. हे जमणं अजूनही आमच्याकडे दुर्मीळच. १७९२ मध्ये पुन्हा तह झाला, इंग्रजांनी मालवणात वखार घालायची परवानगी घेतली. आणि १८१२ मध्ये, पेशव्यांशी चाललेल्या भांडणात इंग्रजांचा आधार हवा म्हणून, आम्ही मालवणचं बंदर लिहून दिलं. चिकोडी-मनोळीवरचा हक्कही त्याच तहात सोडला. त्या गावांचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण तिथं सुरमई मिळत नाही.

“म्हणून सांगतो दाजी,” मी समारोप केला, “हा समुद्र मुळात आमचा.”

दाजींनी पान जुळवलं, चुना लावला, पावसाकडे बघितलं.

“मगे न्या की. पिशवी हाडलास?”

तारण मागायची ही मालवणी पद्धत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवी खरंच नव्हती.

पण मी हार मानलेली नाही. गावाच्या वेशीवर, हॉटेलांच्या फलकांवर, रिक्षांच्या पाठीवर लिहिलेलं असतं, ‘येवा, कोकण आपलाच आसा’. इतर पर्यटक हे स्वागत म्हणून वाचतात. मी कबुलीजबाब म्हणून वाचतो.

मालवणचा स्वभाव कळायला मला पंधरा वर्षं लागली, आणि ती बहुतेक जेवणात गेली. पहिल्या पानाला ताईच्या सासूबाईंनी वाटीत फिकट गुलाबी काहीतरी वाढलं. मी ते पांढऱ्या रश्शाच्या हिशेबानं घटाघट प्यायलो आणि वाटी पुढं केली. पुन्हा वाढलं. पुन्हा पुढं केली. पाचव्या वाटीला सासूबाई हळूच ताईला म्हणाल्या, “भावाक पित्त झाला काय गो?” सोलकढी ही शेवटी एक-दोन वाट्या घ्यायची, पोट शांत करणारी चीज. आमच्याकडे शांत पोटाला आजारी समजतात.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. “मासे ताजे आहेत ना?” असं मी विचारलं. पडवीत शांतता पसरली. कोल्हापुरात येऊन कुणी ‘तुमच्या तालमीत माती असते का?’ असं विचारलं तर जे होईल, तेच झालं. दाजी मला पहाटे रापणीवर घेऊन गेले. किनाऱ्यावर अख्खी वाडी दोरीला लागलेली, दोन टोकांनी जाळं ओढत होती. मीही दोरी धरली. कुस्तीच्या गावाचा माणूस, जोर लावला. माझ्या पुढच्या सत्तरीच्या म्हातारबाबांनी मागं वळून सांगितलं, “जोर नको, ताल धरा.” मी ताल धरला. जाळं येईपर्यंत तासभर गेला आणि माझे तळहात सोलकढीच्या रंगाचे झाले. त्यातल्या बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण दुपारी पानात आलं तेव्हा मी कसलाही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर मालवण झोपतं. दुपारी एकनंतर बाजारपेठेत फळ्या लागतात आणि चारपर्यंत गावाला काही विकायचं नसतं. गिऱ्हाईक आलं तर त्याची चूक. मी एकदा अडीच वाजता छत्री घ्यायला गेलो होतो. अर्ध्या उघड्या फळीतून आवाज आला, “पाऊस जाताकच येवा.” त्यात तिरकसपणा होता की खरोखर काळजी, हे मालवणात ओळखू येत नाही. निम्मी मालवणी भाषा याच धुक्यात चालते. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते जगभर नेलं, तेव्हा या बोलीचा दरारा घाटावर पसरला. मी ते कोल्हापुरात बघितलं. आमचा हशा मालवणी माणसांच्या हशापेक्षा चार सेकंद उशिरा यायचा, पण आवाज आमचा मोठा होता.

गावाच्या नावाचंही असंच. कुणी म्हणतं मिठागरांमुळे ‘महालवण’, त्याचं मालवण. कुणी म्हणतं माडांचं बन, ‘माडबन’. मी दाजींना विचारलं, खरं काय? ते म्हणाले, “मीठ पण आसा, माड पण आसत.” खातं बंद.

किल्ल्यावर मी अखेर गेलो तो डिसेंबरात. होडीचा प्रवास जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. चाच्यांच्या या वारसानं ती सगळी मिनिटं डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून काढली. समोरच्या बाकावरची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून आईला म्हणाली, “काका देवाचं म्हणतायत.” किल्ल्याचं दार बुरुजांच्या आड असं दडवलेलं आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. शत्रूला दिसू नये म्हणून, असं गाइड सांगत होता. मलाही दिसलं नाही. मी कुठल्या बाजूचा ठरतो यावर जास्त विचार केला नाही.

आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात जपलेला आहे. तिथं मात्र मी गप्प झालो. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. मी दूधबावेत वाकून बराच वेळ बघत राहिलो. दाजी शेजारी येऊन उभे राहिले. “ह्या तुमचा,” ते म्हणाले. मला वाटलं, अखेर दावा मान्य झाला. “गोडा पाणी. खारां आमचा.”

निघताना ताईनं थर्माकोलचा खोका भरून दिला. बर्फ, त्यावर सुरमई, वर पुन्हा बर्फ. शिवाय जत्रेतला खाजा. खाजेवाल्या बाईला मी मुद्दाम विचारलं होतं, गूळ कुठला? “खंयचो आसतलो? कोल्हापूरचो.” गूळ खाली उतरतो, मासळी वर चढते. १८१२ चा तह स्वयंपाकघरांपर्यंत पोचलेला नाही.

एसटीत खोका पायाशी ठेवला. फोंडा घाट चढेपर्यंत बर्फानं दम धरला. दाजीपूरच्या वळणांवर मात्र पाण्याची एक बारीक धार निघाली आणि सीटांखालून पुढं पुढं सरकत ड्रायव्हरपर्यंत गेली. राधानगरीला कंडक्टर उठला, चपला उचलून धरल्या आणि मागं वळून ओरडला, “हे खारं पाणी कुणाचं?”

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. मी उभा राहिलो.

“कोल्हापूरचं,” मी म्हणालो.