चेंडूला आठ रुपये

विजय हजारे सांगलीत जन्मले, स्मृती मानधना सांगलीत खेळायला शिकली. क्रिकेटपटू बाहेर पाठवण्यात आमचा जिल्हा हळदीइतकाच पुढे आहे. पण आंतरराष्ट्रीय सामना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हटलं, की सांगलीकराला पुणंही ओलांडून द्रुतगती महामार्गालगतच्या गहुंज्याला जावं लागतं. माल इथला, दुकान तिथं. त्यामुळे तिकिटाचा भाव हा आमच्या खर्चातला फक्त पहिला आकडा असतो.

2023 चा विश्वचषक. 19 ऑक्टोबरला भारत-बांगलादेश. सोबत दोन मित्र आणि मामा. सहकारी बँकेत सगळी नोकरी कॅशियर म्हणून काढल्यामुळे मामा कुठलाही आनंद आधी मोजून घेतात आणि मग उपभोगतात. तिकिटं मी मोबाइलवर काढली. रकमेखाली ‘कन्व्हिनियन्स फी’ दिसताच त्यांनी चष्मा सरसावला.

“सोय कुणाची म्हणायची ही?”

“आपली, मामा.”

“मग मला गैरसोय चालंल. रांग कुठाय सांग, उभा राहतो.”

रांगच नाही म्हटल्यावर मामा गप्प बसले. पण वहीत ती रक्कम त्यांनी ‘दंड’ या सदराखाली लिहिली. सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावर 40 टक्के जीएसटी लागला, तोही कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीत, तेव्हा अख्ख्या गल्लीत समाधान वाटलेले ते एकटेच. “सरकारनं रोग बरोबर ओळखला,” म्हणाले.

पहाटे निघालो. पेठ नाक्यापर्यंतच्या रस्त्यानं आमच्या कमरेकडून वसुली केली. पुढे महामार्गाला लागल्यावर टोलनाक्यांनी खात्यातून. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. दर नाक्यानंतर मोबाइल वाजायचा आणि मामांची पेन्सिल निघायची. नवरात्र चालू होतं. एरवी उपवास मामी करतात, यंदा मामांनीही धरला होता. ढाब्यावर एक ताट वाचलं.

साताऱ्यात मावशीकडे थांबलो, कारण तिथला चहा वहीत लिहावा लागत नाही. मावशीनं भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीकडे बोट दाखवलं. “दादा, ह्यात दिसत न्हाई व्हय रे मॅच?”

“दिसती की,” मामा म्हणाले, “पण ह्यात मी दिसत नाही.”

खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि कात्रज येईतो मामांचा हिशेब तयार झाला. तिकीट, डिझेल, टोल, पार्किंग आणि दंड मिळून माणशी 4,800 रुपये. सामन्याचे चेंडू 600. म्हणजे चेंडूला आठ रुपये. “आता आठ रुपयांत एकदा तरी डोळं मिटलंस तर बघ,” असा मला दम मिळाला.

फाटकावर कळलं, की खायचं काही आत नेता येत नाही. मामांकडे राजगिऱ्याचे लाडू होते. टाकून देणं कॅशियरच्या धर्मात बसत नाही. ते तिथंच उभं राहून, मागच्यांची गर्दी आणि शेरे अंगावर घेत, त्यांनी एकेक करून संपवले. आमचं भडंग मात्र उपवासामुळे त्यांच्या हाताबाहेर होतं. ते आम्ही फस्त केलं. तपासणीच्या पोरानंही मूठभर घेतलं. वहीत त्याची नोंद ‘पाहुणचार’ अशी आहे.

सामना सुरू झाला तसा मामांचा जमाखर्चही. नवव्या षटकात तीन चेंडू टाकून हार्दिक पांड्या पाय मुरगळून बाहेर गेला आणि उरलेले तीन चेंडू टाकायला चक्क विराट कोहली आला. मैदान वेडं झालं. मामा विचारात पडले. पैसे पांड्याच्या गोलंदाजीचे भरले होते, मिळाली कोहलीची. हा नफा की तोटा? शेवटी ‘किरकोळ जमा’ असं ठरलं.

बांगलादेशानं 256 केल्या. पुढे कोहली शतकाजवळ आला आणि एकेरी धावा नाकारायला लागला. मामा खूश. त्याला शतकाची काळजी, मामांना चेंडूंची. जिंकायला दोन धावा, कोहली 97 वर, आणि नसुम अहमदनं चेंडू लेगच्या बाहेर टाकला. वाइड दिला असता, तर शतक अवघड झालं असतं. पंचांचा हात उठला नाही. हजारो माणसं आनंदानं ओरडली. आमच्या ओळीत एक आवाज वेगळा होता. “वाइड हाय की ओ! फुकटातला एक चेंडू गेला की आमचा!”

दोन चेंडूंनी कोहलीनं षटकार ठोकला. शतक झालं, भारत जिंकला, अनोळखी माणसांनी आम्हाला मिठ्या मारल्या. त्या मिठीतूनच मामांनी फलक वाचला. “51 चेंडू शिल्लक. 408 रुपये बुडाले.”

घरी पोचेपर्यंत त्यांनी निष्कर्ष काढला होता: परवडते ती कसोटीच. दिवसाला 90 षटकं, 540 चेंडू, आणि तिकीट स्वस्त. पुढच्याच ऑक्टोबरात न्यूझीलंडचा संघ गहुंज्याला आला. मामांनी चौथा दिवस धरला, कारण तो रविवार. शनिवारी मुक्काम मावशीकडे, म्हणजे लॉजचा खर्च नाही. बेत निर्दोष होता.

शनिवारी दुपारी तासवड्याचा नाका ओलांडला आणि मोबाइल वाजला. टोलचा मेसेज असेल म्हणून मामांनी पेन्सिल काढली. सामना संपला होता. सँटनरनं दोन डावांत मिळून 13 बळी घेतले होते, भारत 113 धावांनी हरला होता आणि 12 वर्षांत पहिल्यांदा घरची मालिका गेली होती. तिकिटाचं काय व्हायचं ते होवो, डिझेल तर जळलंच होतं.

साताऱ्यात मावशीनं कंदी पेढे पुढे केले आणि काही न बोलता टीव्ही लावला. एकामागून एक फलंदाज बाद होताना मामा वही मांडीवर घेऊन बघत होते. मला वाटलं, पराभव मनाला लागला.

“ह्यांचं चुकतंय कुठं ठाऊक हाय का?” पेढा संपवून ते म्हणाले. “खेळणाऱ्यांना तिकीट नसतंय. एकदा लावून बघा, पाच दिवस कसं पुरवून पुरवून खेळत्यात ते.”