रानडुकराची शिकार : पूर्वतयारी

शिकारीच्या मोहिमेचे दोन भाग पडतात : नियोजन आणि शिकार. यांपैकी दुसरा भाग भारतात कायद्याने बंद असल्यामुळे सगळा भार पहिल्यावर येऊन पडतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांसाठी आखल्या जाणाऱ्या मोहिमा हा या प्रकाराचा उत्तम नमुना होय. त्या डोंबिवली, ठाणे, मुलुंड येथील दिवाणखान्यांत जन्म घेतात, सोसायटीच्या गच्चीवर बाळसे धरतात आणि बहुतेक वेळा आसनगाव स्टेशनाच्या अलीकडेच आटोपतात.

मोहीम आखणाऱ्यास शिकारेच्छुक म्हणावे. तो पन्नाशीच्या आगेमागे असतो. जिम कॉर्बेटची पुस्तके त्याने वाचलेली असतात, निदान विकत घेतलेली असतात. गप्पांत तो वाऱ्याची दिशा, माग, ताजी विष्ठा हे विषय जेवणाच्या ताटावरही काढतो. घरात पाल निघाली तर मात्र ती कामगिरी तो धाकट्या मुलीकडे सोपवतो.

या विकाराचे मूळ सहसा परदेशात सापडते. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत ते टेक्सासमध्ये, मावसभावाच्या घरी आहे. हा भाऊ लहानपणी कोंबडी कापताना पाहून ताप भरवून घेत असे. त्याच्याकडून एके दिवशी फोटो येतो : डोक्यावर टोपी, हातात रायफल, पायाशी आडवे पडलेले डुक्कर. त्या घटकेपासून इकडच्या माणसाला स्वतःचे आयुष्य भाजीच्या पिशवीत गेल्यासारखे वाटू लागते.

वस्तुतः तिकडची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत डुक्कर आले ते युरोपियनांच्या गलबतांतून. एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने 1539 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डुकरे उतरवली. अशी पळालेली व सोडून दिलेली पाळीव डुकरे रानटी झाली, आणि पुढे हौशी लोकांनी मुद्दाम आणून सोडलेल्या युरोपी रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. टेक्सासमध्ये त्यांनी शेतीत असा काही धुडगूस घातला की 2011 मध्ये तिथल्या सरकारने हेलिकॉप्टरमधूनही त्यांना टिपायची मुभा दिली. कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या अंगाचा कायोटी नावाचा प्राणीही तिथे असाच बंदुकीच्या टप्प्यात असतो. शहापूर-मुरबाडला यातले काहीही लागू पडत नाही. इथले रानडुक्कर मूळचे इथलेच. माहुलीचा किल्ला बांधला गेला त्याच्या कितीतरी आधीपासून ते या डोंगरांच्या पायथ्याला कंद उकरत आहे. शिवाय दशावतारांत त्याचा क्रमांक तिसरा लागतो. शिकारेच्छुकाचा त्या यादीत कुठेच लागत नाही. कायोटीच्या जागी इथे कोल्हा आहे. सकाळी त्याचे तोंड दिसले तर दिवस चांगला जातो, असे खेड्यात मानतात. त्याच्यावर बंदूक रोखणारा आपला दिवस कसा घालवणार, याचे उत्तर पुढच्या परिच्छेदात येते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीस बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची, आणि तानसासारख्या अभयारण्यात शिरून केलेल्या गुन्ह्याला त्याहून मोठी. याच अधिनियमातील शिकारीची व्याख्या मात्र फार मोठ्या मनाची आहे. तीत मारणे येते, पकडणे येते, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे येते आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्नदेखील येतो. बहुतेक शिकारेच्छुकांना शिकारी म्हणायला तयार असलेला हा देशातील एकमेव दस्तऐवज होय. पीक नासवणाऱ्या रानडुकराला मारण्याची सोय कलम 11 मध्ये आहे, पण त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची कारणासह लेखी परवानगी लागते. कारणाच्या रकान्यात 'मावसभाऊ' असे लिहून चालत नाही.

हत्यारांचा विचार यानंतर करायचा. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. मात्र पीक खरोखरचे असावे लागते. बाल्कनीतली मिरची आणि पुदिना धरत नाहीत. ज्यांच्याकडे अशी बंदूक आहे त्यांनाही ती निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत असा फेरा धरला, तर बंदुकीचे सासर कोणते आणि माहेर कोणते हे ठरवणे अवघड जाते. शिकारेच्छुकाकडे शेवटी उरते ती बिनपरवान्याची छऱ्याची एअरगन. तिचा छर्रा रानडुकराला लागलाच, तर ते कोणी मारला हे पाहायला मान वळवील. नेमके तेवढेच शिकारेच्छुकाला नको असते.

हत्याराचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर टोपीकडे वळता येते. टोपी हे या विषयाचे हृदय आहे. तिच्याशिवाय फोटो नाही, आणि फोटोशिवाय मोहिमेला काही अर्थ नाही. जुन्या शिकाऱ्यांची सोला टोपी शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून बनत असे. बंगालच्या दलदलीत उगवणाऱ्या या वनस्पतीच्या गाभ्याचाच बंगाली नवरदेवाचा टोपोर नावाचा मुकुटही करतात. म्हणजे गोरा साहेब आणि बंगाली नवरा यांच्या डोक्यावर एकच झाड असे, आणि ते डोक्यावर चढल्यानंतर पुढचे काही दोघांच्याही हातात राहत नसे. उन्हाने गोऱ्या माणसाचा मेंदू वितळतो, या समजुतीवर ती टोपी साम्राज्यभर मिरवली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फौजांनी ती टाकून दिली आणि कुणाचाही मेंदू वितळला नाही.

सोला टोपी आता नाटकांना भाड्याने कपडे पुरवणाऱ्यांकडे मिळते. तिला बसवण्यासाठी डोके मापात असावे लागते, लेखकाचे नाही. टोपी कानांवर टेकते आणि माणसाला ऐकू यायचे कमी होते. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा दोष, पण बायकोच्या सूचनांच्या दृष्टीने सोय. कसारा लोकलमध्ये ती डोक्यावर ठेवावी तर दांड्याला धरलेल्या हातांची कोपरे तिच्यावर टेकतात, मांडीवर घ्यावी तर समोरचा प्रवासी तिच्यात शेंगांची टरफले टाकतो. रानात करवंदीची प्रत्येक जाळी ती काढून घेते आणि परत द्यायला नाखूश असते. सर्वांत मोठी अडचण शास्त्रीय आहे. रानडुकराची नजर मंद आणि नाक अतिशय तिखट असते. त्यामुळे टोपीचा डौल त्याला कधीच दिसत नाही, पण ती वर्षभर ज्या डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती त्यांचा वास त्याला ओढ्यापलीकडून येतो.

टोपीचा खरा परिणाम माणसांवर होतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, आणि कल्याण-मुरबाड रेल्वेच्या नुसत्या चर्चेवर मुरबाडातल्या कैक उन्हाळ्यांची करमणूक झाली. त्यामुळे टोपी, दुर्बीण आणि बाहेरगावची पाटी असलेली गाडी एकत्र दिसली की गावात पहिला प्रश्न येतो : "साहेब, मोजणीला आलात? आमचा गट नंबर लागतो का त्यात?" नाही म्हटले तर दुसरा येतो : "मग प्लॉट बघायला? गुंठ्याला काय देणार?" तेही नाही म्हटले तर माळशेजच्या बाजूला पोरे विचारतात की हिरोईन मागच्या गाडीत आहे का. शिकारीला आलो आहोत, असे सांगितल्यावर मात्र सगळे एकदम गप्प होतात आणि चहा मागवतात. त्या चहात जी दया असते, ती साखरेपेक्षा जास्त लागते.

प्रवासाबद्दल फार सांगण्याजोगे नाही. शहापूरसाठी आसनगावला उतरायचे, मुरबाडसाठी कल्याणहून एसटी धरायची. घरी 'लांब जातोय' असे सांगून निघालेला माणूस नाश्ता पचायच्या आत पोहोचतो. त्यामुळे फोटो पाठवण्याआधी काही तास थांबण्याची पद्धत आहे.

प्रत्यक्ष ठिकाणी पोहोचल्यावर रानडुक्कर दिसत नाही. त्याने केलेले काम दिसते. टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब या बाजूंना भात निसवून दाण्यात दूध भरू लागले की कळप रात्री उतरतो. हळवे भात आधी, गरवे मागून, या क्रमाने तो जेवतो. खातो त्याहून जास्त लोळवतो. सकाळी खाचर पाहावे तर मधोमध भात चिखलात दाबलेले असते आणि बांध मुस्काटाने फोडलेला असतो. बांध फुटल्यामुळे पाणी खालच्या खाचरात गेलेले असते, म्हणजे एकाच्या नुकसानीत शेजाऱ्याशी भांडण फुकट मिळते.

यावर शेतकऱ्याचा पहिला उपाय लुगड्या-साड्यांचा. कारवीच्या काठ्या रोवून त्यांना जुन्या साड्या शेताभोवती ताणून बांधतात. वाऱ्याने त्या हलल्या की कळप बिचकतो. असे एक कुंपण बांधणाऱ्या आजी धसईकडच्या एका शेतात भेटल्या. निळ्या नायलॉनच्या साडीचे टोक त्या दातात धरून गाठ मारत होत्या. गाठ बसल्यावर त्यांनी साड्यांची ओळख करून दिली : ही थोरल्या सुनेच्या साखरपुड्याची, ती माझी, विटकी आहे ती बहिणीची, आणि ती कोपऱ्यातली नवी कोरी मतदानाच्या आदल्या रात्री आलेली. "ती नेसायची नाय," त्या म्हणाल्या, "पण डुकराला चालंल." बंदूक निवडणुकीत ठाण्यात जाते आणि साडी निवडणुकीतून शेतात येते, एवढे तरी पीक-संरक्षण लोकशाहीकडून होते. साड्यांच्या जोडीला न्हाव्याकडचे केस बांधावर पसरतात, फटाके लावतात आणि शेवटी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतात.

डबा वाजवणे हा या विषयातला सर्वांत मोठा भाग आहे आणि त्यावर कोणी पुस्तक लिहिलेले नाही. दिवसभर चिखलात उभा राहिलेला माणूस रात्री माळ्यावर जागतो, डोळा लागला की पीक जाते. नुकसान झाले तर भरपाई मिळते, पण तिच्यासाठी अर्ज, फोटो, सातबारा आणि वन, महसूल व कृषी या तिन्ही खात्यांचा पंचनामा लागतो. डुकराला यायला एक रात्र पुरते. या जागरणाला कंटाळून कुणी बांधावर उघड्या तारेत वीज सोडतो. ती तार डुक्कर ओळखत नाही, बिबट्या ओळखत नाही, आणि पहाटे पाणी बघायला आलेला शेजारीही ओळखत नाही. शिकारीच्या गप्पांत ही तार कधीच येत नाही. ज्याला डुक्कर मारायची हौस आहे त्याला ते वर्षातून एकदा हवे असते. ज्याच्या शेतात ते येते त्याला ते कधीच नको असते; तो त्याला मारायलाही उत्सुक नसतो, त्याला फक्त झोप हवी असते.

शेवटचा मुद्दा डुकराच्या दिवसाच्या मुक्कामाचा. कळप दिवसा दाट झुडपात, शक्यतो पाण्याजवळ आणि माणसांची ये-जा नसलेल्या ठिकाणी पडून असतो. पूर्वी अशी जागा जंगलातच मिळे. आता ती गावाला लागूनही मिळते, कारण मधल्या काळात कितीतरी जमिनी शहरातल्या लोकांनी घेऊन ठेवल्या आहेत. तिथे तारेचे कुंपण असते, 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी असते, निवृत्तीनंतर बांधायच्या बंगल्याचा नकाशा असतो, आणि आत पुरुषभर उंचीची घाणेरी माजलेली असते. मालक वर्षातून एकदा येऊन पाटीशेजारी फोटो काढतो. कुंपणाच्या तारेखालून कळपाची वाट गेलेली असते, गुळगुळीत झालेली. प्रस्तुत लेखकाचे मुरबाड तालुक्यातले अकरा गुंठे याच वर्गात मोडतात. गावात चहा पाजताना कुणी हे बोलून दाखवत नाही. फक्त "तुमच्याकडं असतात दिवसा" एवढेच म्हणतात आणि कप पुढे करतात.

तेव्हा रानडुकराविरुद्धची जी मोहीम शहरी माणसाला कायद्याने करता येते, ती अशी : स्वतःच्या तुकड्यातली घाणेरी मुळापासून काढणे. त्याला परवाना लागत नाही. लागतात दोन कोयते, एक कुदळ आणि गावातले चार जण, ज्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी. मुळे राहिली तर एका पावसात पुन्हा फुटतात, म्हणून दरवर्षी यावे लागते. हे काम हळवे भात निसवायच्या आधी, भाद्रपदाच्या आत उरकावे. त्यात फोटो काढण्याजोगे काही नसते.