नेटला सुकती नाही

संपर्काचं महत्त्व उरणच्या माणसाला परक्याने शिकवायला जाऊ नये. मुंबई आम्हाला समोर दिसते, रात्री तिचे दिवेही दिसतात. पण तिच्याकडे जायचं की नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रानेच ठरवलं. तिकडून परतताना भाऊच्या धक्क्यावरून आमच्या मोरा बंदराची लाँच पकडायची तर आधी पाण्याचा अंदाज घ्यायचा. मोऱ्याला गाळ फार. मोठ्या ओहोटीला, म्हणजे आमच्या भाषेत सुकतीला, लाँच धक्क्याला लागतच नाही. हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे सहा तासांनी सुकती. म्हणजे पौर्णिमेला ऑफिस सुटलं की समुद्रही सुटलेला असायचा. उशीर झाला तर बायको नवऱ्याला जाब विचारायची नाही, पंचांग बघायची. इतकी भक्कम सबब पुढे कुठल्याही तंत्रज्ञानाने पुरुषजातीला पुरवलेली नाही.

१२ जानेवारी २०२४ ला ती गेली. त्या एकाच दिवशी शिवडीहून चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकलही उरणला आली. खरं सांगायचं तर सबब त्याआधीच मोबाइलने खाल्ली होती. लाँचला सुकती असते, नेटला नसते. 'कुठे पोचलात?' हा प्रश्न आता चंद्राच्या कुठल्याही कलेत येतो, आणि तो आपण वाचल्याची निळी खूणही लगेच तिकडे पोचते.

फायदे नाकारणार नाही. आमच्या म्हावऱ्याच्या बाजारात सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं मिटली. प्रत्येक कोळीण मावशीच्या टोपलीशेजारी, मोबाइलवरून पैसे पोचले की तसं सांगणारा, एक बोलका डबा असतो. 'डबडा बोलं नाय तवर पिशवी सोडाची नाय,' हा मावशीचा नियम. पण तो डबा बोलतो केवढ्याने! पूर्वी पापलेटचा भाव ही मावशी आणि गिऱ्हाईक यांच्यातली खासगी बाब असे. आता माझे पैसे पोचल्याची दवंडी पिटली जाते आणि शेजारच्या टोपलीवरचे जोशीबुवा माझ्याकडे दयार्द्र नजरेने बघतात. त्यांना तेच पापलेट स्वस्त पडलेलं असतं.

हळदीचंही तेच. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. ती आता यूट्यूबवर थेट दिसते. नोकरीनिमित्त आखातात असलेला काका तिथे बसून नाचतो, हे छानच. परवा मात्र एका हळदीला मटण कमी पडतंय, हे दुबईला आधी कळलं आणि मांडवात नंतर.

आमच्या घरी मुलाने अंगणावर कॅमेरा बसवला आहे. तेव्हापासून दारात कोण आलं हे बघायला आई ओटीवरून उठून आत येते आणि मोबाइलमध्ये बघते. मध्यंतरी बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा भर अटलांटिकमधून फोन आला. "मामा, अंगणात सुकत घातलेल्या जवळ्यावर मांजर बसलंय." आम्ही धावलो, मांजर पळालं, जवळा वाचला. तंत्रज्ञानाचा हा विजयच म्हणायचा. एवढंच, की त्या वेळी घरातली झाडून सगळी माणसं अंगणापासून दहा पावलांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात जगाकडे उघडणारी एकेक खिडकी होती. अंगणाकडे उघडणारी कुणाचीच नव्हती.

हे आपल्यापुरतं असतं तर हसून सोडलं असतं. पण आमच्या तालुक्यात न्हावाशेवा बंदर आहे, १९८९ पासूनचं, आणि तिथेही २७ जून २०१७ ला असंच मांजर शिरलं. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरतात त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू सुटला. तिथून तो मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत गेला आणि तिच्या समूहाकडे असलेलं आमच्या बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कुठे किव्ह, कुठे न्हावाशेवा! तिकडे कुणी हिशोब करत होतं, इकडे कंटेनर अडकले आणि हाताने नोंदी करायची पाळी आली. कंपनीचं नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं.

यातला खरा चमत्कार मात्र पुढेच आहे. कंपनीचं सगळं जाळं कोण कोणाला ओळखतं हे ज्यांच्यात नोंदलेलं असतं, ते मुख्य संगणक जगभर एकजात पुसले गेले. वाचला फक्त घाना देशातला एक. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! बरं, वाचलेली माहिती दुरुस्तीसाठी इंग्लंडला पाठवावी तर घानातलं नेट इतकं हळू, की दिवसच्या दिवस लागले असते. शेवटी ती हार्ड डिस्क माणसांनी हातोहात, विमानाने, नायजेरियामार्गे नेली. लाइट जाण्याला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या. घानातल्या त्या अंधाराला खरं तर श्रीफळ द्यायला हवं.

म्हणून मी घरात प्रस्ताव मांडला : नेटलाही रोज सुकती असावी. तिथीची पाऊणपट, अधिक सहा, तेवढा एक तास राउटर बंद. चर्चा एकाच खोलीत बसून, पण कौटुंबिक ग्रुपवर झाली. मुलगा लिहितो, "बाबा, माझी असाइनमेंट नेमकी त्याच तासात आली तर?" बायको समोरच्या खुर्चीवरून लिहिते, "अहो, घरात बोलायचं तरी काय तासभर?" शेवटी आई तोंडाने बोलली. "सुकतीला हात बांधून बसाचं नाय रं. कालवा काढाला जावाचा."

ते मला एकदम पटलं. भरतीला समुद्र नुसता दिसतो. खडकावरची कालवं, बिळातल्या चिंबोऱ्या पाणी ओसरल्यावरच हाती लागतात. ठराव मंजूर झाला. संध्याकाळी राउटर बंद केला, आणि काय गवसतं ते बघत प्रसन्न चेहऱ्याने बसलो.

सर्वांत आधी गवसलो मी. "अहो, मोकळेच आहात ना?" बायको म्हणाली. मग एकेक उघडं पडत गेलं : न्हाणीचा गळका नळ, माळ्यावरची रद्दी, करकरणारं दार, राहिलेली घरपट्टी. तास संपला तेव्हा मी माळ्यावर होतो आणि यादी निम्मीही झाली नव्हती. हल्ली आमच्याकडे तिथी बायकोच बघते, आणि एक तासाची सुकती फारच आखूड पडते असं तिचं म्हणणं आहे.