मूळवाले काका

“मूळचा पाहिलायस का?” असा प्रश्न पाठीमागून आला की वळून बघायची गरज नसते. मूळवाले काकाच असतात. नव्या सिनेमाचं पोस्टर लागायचा अवकाश, हे त्याची कुंडली मांडायला बसतात. कुंडलीत ‘रीमेक’ हा पापग्रह सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पुरणपोळीवर तुपाची धार पडल्यावरही पसरत नाही.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे १९५६ चा ‘चोरी चोरी’. बापाला तुरी देऊन पळालेली श्रीमंत पोरगी, बसमध्ये गाठ पडलेला फाटका बातमीदार आणि वाटभर भांडण. महेश भट्ट यांनी १९९१ साली हाच मामला ‘दिल है के मानता नहीं’ म्हणून आणला. तो टीव्हीवर लागला की काका आधी रिमोट ताब्यात घेतात. चॅनल मात्र बदलत नाहीत. नावं ठेवायची तर पुरता बघायला नको? “आमिर खानचं काय, टोपी घातली की झालं! राज कपूरला टोपी लागायची नाही.” (‘श्री ४२०’ मधली टोपी अशा वेळी आठवायची नसते.) पूजा भट्टबद्दल ते बोलतच नाहीत. नर्गिसच्या नावानं एक सुस्कारा सोडतात, त्यात सगळं आलं.

गाण्यांच्या बाबतीत मात्र मीही काकांच्या पक्षाचा. लता आणि मन्ना डे यांची ती युगुलगीतं ऐकल्यावर शंकर-जयकिशनना फिल्मफेअर का मिळालं, हे विचारावं लागत नाही. पण नव्याच्या शीर्षकगीतासाठी अनुराधा पौडवालांनाही फिल्मफेअर मिळालंय, असं मी एकदा बोलून गेलो आणि काका चहा अर्धा टाकून उठले.

आता घरातली गोष्ट. काकांचा जन्म १९५७ चा. म्हणजे ‘चोरी चोरी’ त्यांच्याहून वर्षानं थोरला. त्यांनी तो पाहिला दूरदर्शनवर, लाकडी शटरच्या टीव्हीवर. त्या टीव्हीवर सगळेच सिनेमे कृष्णधवल! ‘पडोसन’ मुळात रंगीत होता हे काकांना अजून मान्य नाही. “नंतर रंगवला असेल. ‘मुघल-ए-आझम’ नाही रंगवला २००४ साली?” पुरावा चोख, फक्त गुन्हा दुसऱ्याचा.

दिवाळीत पुतणीनं लॅपटॉपवर ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लावला. फ्रँक काप्राचा, १९३४ चा. श्रीमंत पोरगी, पळाली. बस आली. बातमीदार आला. एका खोलीत रात्र काढायची वेळ आली तेव्हा क्लार्क गेबलनं मधे दोरी बांधून ब्लँकेट टांगलं, आणि काकांची चकली तोंडाशी थबकली.

“याला पाच मोठी ऑस्कर आहेत काका,” पुतणी म्हणाली. “चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी, पटकथा. सगळी.”

मला राहवलं नाही. “म्हणजे आपला ‘चोरी चोरी’...”

“प्रामाणिक माणसं होती,” काका म्हणाले. “नावातच कबुली दिली होती.”

पण आवाजात जोर नव्हता. सिनेमा संपला तरी ते बोलेनात. पुतणीला वाईट वाटलं असावं. तिनं उगाचच सुरुवात पुन्हा लावली. श्रेयनामावली सरकू लागली. सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या कथेवरून, असं एका पाटीवर आलं. काका ताठ बसले. चष्मा सारखा केला.

“कथा वाचलीयेस?”

“नाही.”

“मग काय पाहिलंस!” म्हणाले, आणि चकली कडकन मोडली.