पिनकोडचे अवयव

नागपूरच्या जरीपटक्याचा पिनकोड ४४००१४. आपण तो पाकिटावर लिहितो आणि विसरतो. आमच्या गल्लीतले गणितकाका विसरू देत नाहीत. "भाऊ, याला कधी फोडून पाह्यलं का?" असं विचारत ते खिशातून पेन काढतात, आणि आपली भाजी करायची वेळ टळते.

"२ गुणिले ३१ गुणिले ४७ गुणिले १५१! चारही मूळ संख्या. अन् हा ३१ कोणता? नागपूरच्या गाड्यांच्या नंबरपाटीवरचा! सरकारनं उगाच दिला असंल का?" सरकारनं तो उगाचच दिला असणार, हे त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही.

रामानुजनच्या १७२९ ला काका फारशी किंमत देत नाहीत. सगळ्यांना ठाऊक झालेली संख्या त्यांना चारचौघांत ऐकलेल्या विनोदासारखी वाटते. त्यांचं दैवत म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मास्तरांनी १९४९ साली ६१७४ चं कोडं मांडलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरते मांडा, मग चढते मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. सातव्या वजाबाकीपर्यंत ६१७४ हजर! काकांनी पिनकोडही याच चरकात घातला. ४४४१०० वजा ००१४४४, उत्तर ४४२६५६. पुढे ४२०८७६. तिथून सात संख्यांची फेरी मारून पुन्हा ४२०८७६, आणि पुन्हा तीच फेरी. "आपला नंबर कुठं थांबूनच नाही राहिला!" हे ते अभिमानानं सांगतात.

दुःख एकच. अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. ४४००१४ ची बेरीज १३, भागायला गेलं की बाकी ३ उरते. आणि धरमपेठेचा ४४००१०? बेरीज ९, भाग नि:शेष! धरमपेठेतले रस्ते, झाडं, बंगले काकांनी कधीच माफ केलेत. हे मात्र नाही.

परवा किराण्याचं बिल २९७ झालं. सेठ म्हणाले, तीनशे द्या, तिनाची चॉकलेटं घ्या. काका उखडले. "अहो, २९७ चा वर्ग ८८२०९. त्यातले ८८ अन् २०९ मिळवा, पुन्हा २९७! अशी संख्या चॉकलेटात बुडवता?" मागे रांग वाढत होती. सेठ हात जोडून म्हणाले, "काका, वर्ग राहू द्या, मूळ रक्कम द्या."

आता मुलीला स्थळ आलंय, तेही धरमपेठेतलं. काकूंनी मुलाचं शिक्षण विचारलं, पगार विचारला, सासूचा स्वभाव विचारला. काकांनी मुलाचा मोबाइल नंबर मागितला. मुलगा खूश झाला, सासरेबुवा बोलायला उत्सुक दिसतात म्हणून. तीन दिवस झाले, फोन आलेला नाही. काका अजून भागाकारातच आहेत.