तिळा तिळा, दार उघड

पेठेतल्या प्रत्येक वाड्यात पूर्वी एक कुलूपअण्णा असायचे. वाडे पडून सोसायट्या झाल्या, अण्णा लिफ्टनं वर आले. कपाटाचं कुलूप अडलं, सुटकेसचा नंबर विसरला, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना, की पोरांना त्यांच्याकडे पिटाळायचं.

अण्णा आल्याआल्या वस्तूला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "जोर कोणी लावला होता?" त्यांचा मंत्र तो हाच. घरातले एकमेकांकडे बघू लागतात. शेवटी जावईबापू कबूल करतात, की पकडीनं थोडंसं... "थोडंसं!" अण्णा हा शब्द असा उच्चारतात, की जावयानं दिवाळसणाची आशा सोडावी.

मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा निघतो. शिसं ब्लेडनं खरवडायचं आणि पूड कुलपाच्या भोकात फुंकायची. "तेल कसलं घालता? तेलावर धूळ बसते!" हे आमच्याकडे तीनदा ऐकवून झालंय.

तीन आकडी नंबराची सुटकेस तर किरकोळच. 000 ते 999, शक्यता हजार; एकेकीला दोन सेकंद, म्हणजे फार तर 34 मिनिटं. पण तेवढा वेळ व्याख्यान ऐकावं लागतं. अलिबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. ती 1709 साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या सीरियन माणसानं 'अरेबियन नाइट्स'चा फ्रेंच अनुवाद करणाऱ्या गॅलाँला सांगितली, वगैरे. "आणि अलिबाबाचा भाऊ कासिम गुहेत व्यवस्थित शिरला होता बरं का! शब्द विसरला तो बाहेर पडताना." म्हणून उघडलेलं कुलूप ते आपल्याला पुन्हा लावायला आणि पुन्हा उघडायला लावतात. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखं वाटतं.

एक मात्र मानलं पाहिजे. कपाट उघडलं, की अण्णा पाठ फिरवून भिंतीवरचं कालनिर्णय वाचू लागतात. आत पाटल्या असोत, नाहीतर 1994 ची विजेची बिलं. इतर बाबतींत सोसायटीत कोणाकडे काय शिजतंय हे त्यांना पाठ असतं, ते सोडा.

पैसे घेत नाहीत. चहा, आणि घरात एखादी बेवारस किल्ली पडली असेल तर ती. अशा किल्ल्यांनी त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरलाय. त्याला कुलूप नाही. झाकण घट्ट बसतं, उघडायला काकूंना हाक मारावी लागते.